शिसे, साचा आणि उतरलेली बंदूक : वऱ्हाडातून पाहिलेला रायफलीचा इतिहास

१/
शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. एवढी उष्णता गावातल्या कोणत्याही लोहाराच्या भात्यात असते. नीट पेटलेल्या चुलीतही ती मिळू शकते. शिसे, एक पळी आणि दोन पाखांचा साचा हाताशी असला की गोळी घरीच तयार होत असे. शस्त्रांच्या इतिहासात राजे, लढाया आणि तोफा यांचे वर्णन भरपूर सापडते. गोळी घरी ओतता येत होती तोवर बंदूक नेमकी कोणाच्या ताब्यात होती, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे आणि तो अमरावती-अकोल्याच्या बाजूने पाहिलेला आहे.

२/
आधी शब्द पाहू. तोड्याने, म्हणजे जळत्या वातीने, बार उडे ती तोडेदार बंदूक. गारगोटीची ठिणगी पडे ती चकमकीची. तांब्याची छोटी टोपी फुटून पेट घेई ती टोपीची. या तिन्ही ठासणीच्याच जाती : नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी किंवा छर्रे टाकायचे आणि गजाने ठासायचे. वऱ्हाडातील गढ्यांच्या बुरुजांना ज्या तिरक्या जंग्या दिसतात, त्या याच बंदुकांसाठी होत्या. निजामाच्या अमलात या मुलखात अरब आणि रोहिल्यांची शिबंदी असे, आणि बंदूक ही त्यांची रोजची भाकरी होती.

३/
२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील आडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीच्या सैन्याने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर अवघ्या १६ दिवसांत, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. या दोन्ही ठिकाणी दोन्ही बाजूंच्या पायदळाकडील बंदुका मूलतः एकाच जातीच्या होत्या : गुळगुळीत नळीच्या, तोंडातून भरायच्या, शिशाच्या गोल गोळीच्या. कवायत, शिस्त आणि तोफखाना यांत मोठे अंतर होते. शिपायाच्या हातातल्या नळीत तेवढे नव्हते. भोसल्यांचा शिपाई वापरत असलेली गोळी कंपनीच्या शिपायालाही परकी वाटली नसती.

४/
हे अंतर पुढच्या ६० वर्षांत वाढले आणि ते नळीच्या आतून वाढले. नळीला आतून पेचदार खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. रायफल म्हणतात ती हीच. अडचण एवढीच होती की खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडातून ठोकून भरायला फार वेळ लागे. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीत यावर तोड निघाली. तिची गोळी मऊ शिशाची, लांबट आणि तळाशी पोकळ होती. भरताना ती सैल जाई आणि बार होताच तिचा तळ फुलून खाचांत रुते. या गोळीसाठी शुद्ध, मऊ शिसेच लागे. कडक धातू फुलत नाही.

५/
याच रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसावरून १८५७ मध्ये काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर काय घडले ते कमी लोकांना ठाऊक असते. उठाव मोडल्यावर हिंदी पलटणींसाठी एन्फील्डचीच एक खास आवृत्ती काढण्यात आली. बाहेरून ती तशीच दिसे. आतून नळी गुळगुळीत, खाचा नाहीत. हिंदी शिपायाच्या हाती बंदूक राहिली, पण तिचा लांबचा नेम काढून घेण्यात आला. शस्त्र काढून घेण्याचा याहून शांत मार्ग शोधूनही सापडणार नाही.

६/
पुढे हा शिरस्ताच पडला. गोऱ्या पलटणींना नवी बंदूक मिळाली की त्यांची जुनी हिंदी पलटणींकडे उतरायची. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायांना स्नायडर मिळाली. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा हिंदी शिपायांना मार्टिनी. लष्करातून उतरलेली बंदूक पोलिसांकडे, पोलिसांकडून तुरुंग आणि खजिन्याच्या पहाऱ्याकडे. मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला मिळावेत तशी ही व्यवस्था होती. फरक एवढाच, की धाकट्याने मोठे होऊ नये हा तिचा हेतू होता.

७/
या उतरंडीत वऱ्हाडचे स्थान चमत्कारिक होते. हा प्रांत इंग्रजांकडे लढाईने आला नाही, तो सैन्याच्या बिलापोटी आला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, कारण हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकला होता. तहात त्या फौजेचा आकडा नमूद आहे : किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार मैदानी तोफखाने. वऱ्हाडच्या कापूस-ज्वारीचा महसूल या शिपायांच्या पगारात आणि दारूगोळ्यात जाऊ लागला. अचलपूरच्या शेजारी परतवाड्याची छावणी उभी राहिली ती याच फौजेची.

८/
याच फौजेची आणखी एक गंमत आहे. १८५७ नंतर हिंदी माणसाच्या हाती तोफ द्यायची नाही असे धोरण ठरले. त्याला जे थोडे अपवाद राहिले, त्यांत डोंगरी तोफखान्यांबरोबर हैदराबाद कंटिंजंटचे हे चार तोफखानेही होते. १९०३ मध्ये ही फौज मुख्य सैन्यात विलीन झाली. तिच्यातील एका पलटणीला ९६ वी बेरार इन्फंट्री असे नाव मिळाले. पुढे ती १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये आणि १९४५ नंतर कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेली. कुमाऊँच्या दुसऱ्या पलटणीच्या नावात ‘बेरार’ हा शब्द अद्याप आहे. डोंगराळ उत्तरेकडच्या या पलटणीत वऱ्हाडचे नाव कसे आले, याचे उत्तर १८५३ च्या त्या बिलात आहे.

९/
आता छावणीतून मेळघाटाकडे. तापीपलीकडच्या निमाडात १८६० च्या दशकात जेम्स फोर्सिथ नावाचा अधिकारी जमाबंदीचे काम पाहत होता. सातपुड्यातील जंगलांवरचे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी, अवघ्या तिशीत, तो वारला. शिकारकथांचे वाचक त्याला या पुस्तकासाठी ओळखतात. बंदुकीच्या इतिहासात मात्र त्याचे १८६३ चे दुसरे पुस्तक अधिक महत्त्वाचे आहे : शिकारी रायफल आणि तिची गोळी, एवढाच त्याचा विषय.

१०/
फोर्सिथचा प्रश्न अगदी व्यावहारिक होता. दाट रानात वाघ किंवा गवा ४०-५० पावलांवर अचानक समोर येतो. तेथे लांब पल्ला निरुपयोगी. जोरदार दणका हवा. जोरासाठी दारू जास्त भरली की मऊ शिशाची गोळी खाचांत फिरण्याऐवजी खाचा ओरबाडत सरळ निघून जाते, कारण पेच फार आवळ असतो आणि शिसे तेवढा पीळ सोसत नाही. त्याचे उत्तर असे : पेच सैल करा. त्याच्या १४ बोअरच्या रायफलीत खाचांचा एक पूर्ण फेरा १०४ इंचांत होता. म्हणजे नळीच्या लांबीत गोळी पाव फेऱ्याच्या आसपासच फिरे. गोल गोळी, सैल पेच, भरपूर दारू. गोळी मऊ आहे हे मान्य करून बंदूक तिच्याभोवती बेतायची, असा हा विचार होता.

११/
दुसरा उपाय उलट दिशेचा : गोळीच कडक करायची. शिशात कथील मिसळले की साचा नीट भरतो आणि गोळी थोडी कठीण होते. मार्टिनी-हेन्रीच्या सरकारी गोळीत बारा भाग शिसे आणि एक भाग कथील असे. वजन ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम, आणि वर कागदाचे वेष्टण. अँटिमनी मिसळली तर गोळी आणखी कडक होते. शिसे, कथील आणि अँटिमनी हे त्रिकूट ज्यांना ओळखीचे वाटेल, त्यांनी जुना छापखाना पाहिलेला असणार. खिळे ओतायला हीच मिश्रधातू वापरत. ‘केसरी’चे खिळे आणि कडक गोळी यांचा धातू एका जातीचा होता, हा योगायोग रसायनशास्त्रातला आहे, पण तो विसरणे कठीण आहे.

१२/
मग १८८० च्या दशकात सारे उलटले. १८८२ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या रुबिन याने शिशाच्या गोळीवर तांब्याचा पत्रा चढवला. १८८६ मध्ये फ्रान्सने धूर न करणारी दारू सैन्यात आणली. ती काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस होती. मार्टिनीची गोळी सेकंदाला सुमारे ४१० मीटर जाई, पुढच्या काळातील.३०३ ची ११ ग्रॅमची टोकदार गोळी सुमारे ७४५ मीटर जाऊ लागली. या वेगाला उघडे शिसे टिकत नाही. ते नळीत चोपडले जाते, खाचा बुजतात, नेम बिघडतो. पत्र्याचे चिलखत अपरिहार्य झाले.

१३/
येथे या इतिहासाचा खरा सांधा बदलतो. शिशाची गोळी चुलीवर होते. तांब्याचे वेष्टण, पितळेचे काडतूस, त्याच्या बुडातील स्फोटक टोपी आणि धूरविरहित दारू या गोष्टी चुलीवर होत नाहीत. त्यांना कारखाना लागतो. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून सरकारी मालकीचा. गोळी कारखान्यात गेली त्या दिवशी बंदुकीची किल्लीही कारखान्यात गेली. बंदूक हिसकावून घेण्याची गरज उरली नाही. काडतूस थांबवले की ती लोखंडाची काठी.

१४/
कायदाही याच सुमारास घट्ट झाला. लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा अकरावा कायदा, म्हणजे शस्त्रकायदा. परवान्याशिवाय शस्त्र नाही. युरोपीयांना मात्र सूट. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते वेगळ्या हुकुमाने लावावे लागत. शेतकऱ्याला या बारकाव्याचा काही उपयोग नव्हता. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात बदल करण्याची मागणी केली. पुढे गांधीजींनीही, अहिंसेचा पुरस्कार करत असताना, एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्यावर अत्यंत कडक शब्दांत टीका केली. वंशावरून दिलेली सूट १९२० च्या नियमांनी रद्द झाली. परवान्याची अट राहिली.

१५/
अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. आजचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ते हेच. लाठी, लेझीम, मल्लखांब, दांडपट्टा. बंदूक परवान्यात अडकलेल्या पिढीचे शस्त्रशिक्षण लाठीवर आले, हे त्या काळच्या महाराष्ट्रातील अनेक आखाड्यांबाबत म्हणता येईल. त्यातून उत्तम व्यायामपटू घडले. नेमबाज घडणे शक्यच नव्हते.

१६/
आता बोल्टच्या रायफलीकडे. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलून खाली दाबली की नवे काडतूस नळीत बसते. ली-एन्फील्ड या पद्धतीची. १८९५ मध्ये तिच्या नळीला खोल अशा पाच खाचा देण्यात आल्या, कारण मेटफर्डच्या उथळ खाचा नव्या कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने झिजत होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगालमधील ईशापूरला सरकारी रायफल कारखाना सुरू झाला आणि ही रायफल हिंदुस्थानातच तयार होऊ लागली. दोन महायुद्धे ती लढली. नंतर ती पोलिसांकडे उतरली आणि तेथे इतकी वर्षे राहिली, की २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या रात्रीही काही पोलिसांच्या हाती .३०३ च होती.

१७/
ईशापूरने याच रायफलीचे एक विलक्षण रूपांतर केले. जुन्या .३०३ च्या नळीतून खाचा काढून टाकून ती .४१० ची गुळगुळीत केली. काडतुसांच्या पेटीत लाकडी ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच बार. ही बंदूक पहारेकऱ्यांसाठी. ती पळवली गेली तरी तिच्यात लष्कराचे काडतूस चालू नये, हा हिशेब. १८५८ मध्ये ठासणीच्या बंदुकीवर जो प्रयोग झाला, तोच पुढे बोल्टच्या बंदुकीवर झाला. सरकारी स्मरणशक्ती क्षीण असते असे म्हणणाऱ्यांनी ही बंदूक अवश्य पाहावी.

१८/
काडतुसाची ही धास्ती एका वेगळ्याच नियमातूनही दिसते. वायव्य सरहद्दीवर टोळीवाल्यांकडे पुष्कळ मार्टिनी होत्या. शिकाऱ्यांची .४५० ची काडतुसे हाती लागली तर त्यांतील गोळ्या काढून मार्टिनीत वापरता येतील, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .४५० ची आयात बंद करण्यात आली. लंडनच्या बंदूक-कारागिरांनी लगेच .४६५ आणि .४७० असे नवे आकार काढले. राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यांत दिसणाऱ्या या चमत्कारिक आकड्यांच्या मागे शिशाच्या गोळीची भीती आहे.

१९/
सैन्याचा .३०३ आकार खासगी माणसाला बंद, म्हणून त्याच्यासाठी .३१५ आला. हे काडतूस मूळचे ऑस्ट्रियन मानलिखरचे, ८ मिलिमीटरचे. रायफल मात्र ली-एन्फील्डच्याच घडणीची. स्वातंत्र्यानंतरही ईशापूरने ती नागरी परवानाधारकांसाठी तयार केली. वऱ्हाडात एखाद्या जुन्या जमीनदार घरात बोल्टची रायफल असली, तर ती हीच असण्याचा संभव मोठा. तिची कारखान्याची गोळी मऊ नाकाची, म्हणजे पुढचे शिसे उघडे असलेली. युद्धात अशा फुलणाऱ्या गोळ्यांना १८९९ च्या हेग परिषदेत मनाई झाली, आणि त्या वादात कोलकात्याजवळच्या दमदमचे नाव जगभर गेले. शिकारीला ती मनाई लागू नव्हती.

२०/
जगात इतरत्र याच काळात नेमके उलटे चित्र होते. दुसऱ्या महायुद्धानंतर माउझर, मोसिन-नागान, ली-एन्फील्ड अशा लक्षावधी रायफली निकामी ठरून अमेरिकेत कवडीमोलाने विकल्या गेल्या. केनेडींच्या हत्येत वापरलेली इटालियन बोल्टची रायफल १९६३ मध्ये टपालाने मागवलेली होती. दुर्बिणीसह किंमत १९.९५ डॉलर. १९६८ च्या कायद्याने टपालाची ही विक्री थांबली. त्या स्वस्त रायफलींभोवती एक वेगळाच छंद वाढला : कारखान्याची महाग काडतुसे टाळून पुन्हा शिसे ओतायचे.

२१/
या छंदिष्टांनी जुन्या रायफलीची परीक्षा कशी करावी याचे एक शास्त्रच तयार केले, आणि ते वाचताना पूर्वीच्या शिपायाचा दिनक्रम डोळ्यांपुढे येतो. नळीचे तोंड एका बाजूला झिजलेले दिसले तर समजावे, की शिपाई साफ करायची दोरी रोज तिरकी ओढत होता. नळीच्या मुळाशी खाचा विरलेल्या असतील तर ती कॉर्डाइटच्या ज्वाळेची खूण. आत गंजाचे खड्डे असतील तर जुन्या टोप्यांतील क्षार धुतले गेले नाहीत. ब्रिटिश शिपायाला त्यासाठी नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतावे लागे. आणि .३०३ म्हटली तरी खाचांच्या तळाशी तिची नळी त्याहून रुंद भरते, नगागणिक वेगळी. म्हणून ओतीव गोळी थोडी जाड हवी, मिश्रण कडक हवे, दारू बेताची हवी आणि तळाशी तांब्याची छोटी वाटी हवी. फोर्सिथचाच प्रश्न, शंभर वर्षांनी. एन्फील्डच्या खोल पाच खाचा या कामाला बऱ्या पडतात, असा त्यांचा अनुभव.

२२/
या बाजारात हिंदुस्थानी मालही होता. ईशापूरने १९६० च्या दशकात ली-एन्फील्डचीच ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती बनवली. निवृत्त झाल्यावर ती अमेरिकेत स्वस्त जुनी रायफल म्हणून विकली गेली, खाचा काढलेली.४१० सुद्धा. भारतीय कारागिराने घडवलेली आणि भारतीय शिपायाने वापरलेली ही रायफल परदेशातील नागरिक दुकानातून घेऊ शकत होता. भारतीय नागरिकाला .३०३ आणि ७.६२ हे दोन्ही आकार निषिद्ध. भारतात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी बंदुकांची आयातही थांबली, त्यामुळे येथे जुनी परदेशी रायफल स्वस्त होण्याऐवजी नवीपेक्षा महाग झाली.

२३/
वऱ्हाडच्या शेतात मात्र प्रश्न छंदाचा नाही. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आला. त्याआधी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक बंधने आणली होती. जंगल टिकले ही मोठीच गोष्ट. पण जंगलालगतचा हरभरा, तूर आणि सोयाबीन रानडुकरे आणि रोही रात्रीतून लोळवतात. पीक राखणाऱ्याला बंदुकीचा परवाना इंग्रजी अमलातही मिळे, आणि बहुतेक वेळा ती ठासणीचीच असे. रानडुक्कर आणि रोही यांच्या उपद्रवापुरती वनखात्याच्या परवानगीने मारण्याची तरतूदही पुढे राज्यात झाली. परवानगी मिळाली तरी हातात काय असणार, हा प्रश्न उरतोच. ठासणीच्या बंदुकीत एक बार चुकला की दुसरा भरेपर्यंत कळप धुऱ्यापलीकडे गेलेला असतो. आणि काळी दारू पावसाळी हवेत ओल धरते.

२४/
एक गोष्ट येथे स्पष्ट असावी. परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा भारतात गुन्हा आहे. परदेशी छंदिष्टाचा तो साचा आणि तो चिमटा येथे खेळ ठरत नाही. ज्या मुलखात गोळी एकेकाळी लोहाराच्या भात्यावर होत होती, तेथे आज ती अकोल्याहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील वरणगावच्या सरकारी कारखान्यात, १९६४ पासून, सैन्यासाठी होते.

२५/
सध्याचा शस्त्रकायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. त्याचे १३ वे कलम वाचताना हा सारा इतिहास थरांसारखा दिसतो. संरक्षण किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक, नळी किमान २० इंच. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची. ती अपुरी पडते असे अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी. मूळ कलमातील यादीत खाचांच्या नळीचे नाव एकदाच येत होते : मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी .२२. बाकी सर्व बाबतींत ‘सबळ कारण’ दाखवावे लागते. त्या .२२ ची गोळी बहुतेक वेळा आजही वेष्टणाविना, नुसत्या शिशाचीच असते.